वाक्यात उपयोग करा

टेबलावर कुणी बोटांच्या पेरांनी टकटक केली की आजही माझी मान वळते आणि ओठांवर एखादा इंग्रजी वाक्प्रचार येतो. घरची मंडळी हसतात. हसोत बापडी! निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, भल्याभल्या गुन्ह्यांचे तपास आता धूसर झालेत, पण दाखल्यांचं ते प्रकरण अजून जसंच्या तसं डोळ्यांसमोर आहे. आणि खरं सांगतो, ते आठवलं की बरं वाटतं. पोलिसाच्या नोकरीत अशा आठवणी फार नसतात.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकला द्वारका चौकाच्या बाजूला फौजदार होतो. आमच्या ठाण्यात इंग्रजीचा संबंध ‘येस सर’पुरता. वरून इंग्रजीत पत्र आलं की ते आधी कारकुनाकडे, मग शेजारच्या वकिलाकडे आणि मग चहा पाजून परत आमच्याकडे, असा प्रवास करायचं. रस्त्यावर अडवलेला माणूस तावातावाने इंग्रजी बोलायला लागला की आमचा शिपाई आपोआप सावधान उभा राहायचा. त्या काळात इंग्रजी हाच एक मोठा हुद्दा होता, हे लक्षात ठेवा. सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे.

बुधवारची सकाळ. हजेरी आटोपली होती, ठाणे अंमलदार स्टेशन डायरी भरत बसले होते. तेवढ्यात एक मुलगी आणि तिचे वडील आत आले. वडील कारखान्यात फिटर, बुद्धविहाराजवळच्या वसाहतीत राहणारे. ते दारातच घुटमळले. मुलगी मात्र सरळ माझ्या टेबलापाशी आली.

“साहेब, माझे ओरिजनल दाखले गेलेत. दहावीचं सर्टिफिकेट, डी.एड.चं, जातीचा दाखला, सगळे.”

“हरवले?”

“नाही. मी माझ्या हातानं दिले.”

मी तिला बसायला सांगितलं. हकिगत अशी होती: द्वारकेच्या एका लॉजमध्ये मुंबईच्या कंपनीचे साहेब मुलाखती घेत होते. अंगात कोट, गळ्यात टाय, टेबलावर हिरवं कापड. सगळे प्रश्न इंग्रजीत. मुलाखत झाली की निवड पक्की, फक्त नोंदणीची फी आणि तपासणीसाठी ओरिजनल दाखले जमा करायचे. हिने केले. पुढे तिला जिल्हा परिषदेकडून प्राथमिक शिक्षिकेच्या नेमणुकीचा आदेश आला. शनिवारी कचेरी बंद व्हायच्या आत मूळ दाखले घेऊन हजर राहायचं, नाहीतर जागा प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला. ती धावत लॉजवर गेली, तर खोलीला कुलूप.

“दुसरी प्रत मिळेल की बोर्डाकडून,” मी म्हणालो.

“महिने जातील साहेब. शनिवार काय माझ्यासाठी थांबणार आहे?”

तेव्हा वडील दारातून पुढे आले. “साहेब, हिची आई दुसऱ्यांची धुणीभांडी करते. आमच्या घरात हातात खडू धरणारी ही पहिली. काहीतरी करा.” एवढं बोलून ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी फिर्याद नोंदवून घेतली आणि तपास स्वतःकडे ठेवला.

लॉजवर काही हाती लागलं नाही. नाव खोटं, पत्ता खोटा. समोरच्या चहावाल्याने मुलाखतीला आलेल्या आणखी काही पोरांची नावं सांगितली, म्हणून त्यांना बोलावून घेतलं. सगळ्यांचे दाखले गेले होते आणि एकानेही तक्रार केली नव्हती! का? एक पोरगा माझ्यासमोर मान खाली घालून बसला.

“साहेब काय बोलले मुलाखतीत?” मी विचारलं.

“लय भारी बोलले.”

“अरे, पण काय बोलले?”

“ते... इंग्रजीत बोलले. मी ‘येस सर’ म्हणलो.”

माणसाची ही एक गंमत मी नोकरीभर पाहिली. खिसा कापला गेला तर तो बोंब मारत ठाण्यात येतो. पण समोरचा काय बोलला ते आपल्याला कळलंच नाही, हे कबूल करायची वेळ आली की मूग गिळून बसतो. त्या भामट्याने पोरांच्या या लाजेवरच दुकान मांडलं होतं.

फक्त त्या मुलीला त्याचं बोलणं कळलं होतं. दुपारी मी तिला पुन्हा बोलावलं आणि म्हटलं, “तो कसा बोलत होता ते जसंच्या तसं सांग. त्याची नक्कलच कर ना.”

ती आधी लाजली, मग खुर्चीत ताठ बसली. “मी त्यांना म्हणाले, आधी नेमणूकपत्र द्या, मग दाखले देते. तर ते म्हणाले, यू आर पुटिंग द कार्ट बिफोर द हॉर्स.” आणि तिने टेबलावर बोटांच्या पेरांनी दोनदा टकटक केली. “असं वाजवून ते थोडं थांबायचे. आम्ही काहीतरी म्हणायचं असल्यासारखे बघायचे. दर वाक्प्रचारानंतर हेच. मग अर्थ सांगितला, घोड्याच्या आधी गाडी जोडणं, म्हणजे उलटा क्रम. आणि वर उदाहरण दिलं. माझ्या मामाने कांदा जमिनीत असतानाच ट्रक ठरवला, तसं तू करतेयस म्हणाले. मला तेव्हा हसूच आलं. मुंबईचा टायवाला साहेब आणि मामाचा कांदा!”

कोपऱ्यात आमचे हवालदार उभे होते. चांदवडकडचे, पिकल्या मिशांचे, जिभेने तिखट. ते एकदम पुढे आले.

“साहेब, ही टकटक मला ठाव हाय.”

“कशी काय?”

“आमची पोरगी बी आसंच करती. जेवताना ताट वाजवती आन् इंग्रजी काहीबाही बोलती. लय डोकं उठवती! चांदवडला त्यांच्या इंग्रजीच्या बाई हायेत ना, त्यांची शिस्त हाय ती. बाईंनी टेबल वाजवलं की सगळ्या वर्गानं वरडायचं. यंदाच रिटायर झाल्यात बाई.”

मी हवालदारांकडे बघतच राहिलो. “अहो, मग इतका वेळ गप्प का होतात?”

“तुमी ताट वाजवून दावलं आसतं तर सांगितलं आसतं,” म्हणाले. मुलगीसुद्धा हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही जीप काढून चांदवड गाठलं. बाईंचं घर डोंगराच्या पायथ्याशी, दोन खोल्यांचं. पांढरं नऊवार, जाड भिंगाचा चष्मा, आवाज खणखणीत. वर्दी बघून घाबरायच्या ऐवजी त्यांनी विचारलं, “माझ्या कुठल्या दिवट्याने काय केलं?” आणि चहा टाकला.

त्यांची शिकवायची पद्धत मी विचारून घेतली. रोज फळ्यावर एक वाक्प्रचार. बाई तो म्हणणार, टकटक करणार, वर्ग एका सुरात म्हणणार. मग अर्थ. मग ‘वाक्यात उपयोग करा’. इथे बाईंचा कडक नियम होता: गाइडमधलं वाक्य चालणार नाही. प्रत्येकाने आपल्या घरातलं, शेतातलं, गल्लीतलं वाक्य आणायचं. एकदा ते वर्गात मान्य झालं की ते त्याच्याच नावाने ओळखलं जायचं, वर्षानुवर्षं.

“घोकलेला अर्थ परीक्षेनंतर उडून जातो हो,” बाई म्हणाल्या. “घरचं वाक्य मात्र माणूस मरेपर्यंत विसरत नाही.”

मी म्हणालो, “बाई, एक वाक्य ऐका. माझ्या मामाने कांदा जमिनीत असतानाच ट्रक ठरवला.”

बाईंचा चेहरा असा काही उजळला की काय सांगू! हातातली बशी खाली ठेवून त्यांनी टाळीच वाजवली. “मामाचा ट्रक! कार्ट बिफोर द हॉर्स! अगबाई, तुम्हाला कुठे भेटला तो? माझा सगळ्यात हुशार विद्यार्थी हो. पुन्हा मुंबईला गेला वाटतं? मोठा साहेब झाला का?”

हवालदारांनी टोपी काढली आणि ते डोकं खाजवत बाहेर बघायला लागले. शेवटी मीच सगळं सांगितलं, मुलीचं, तिच्या वडिलांचं, शनिवारचं. बाई ऐकत राहिल्या. मग त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

“दर दिवाळीला पाया पडायला येतो,” त्या म्हणाल्या. “कळवणला इंग्रजीचा क्लास काढलाय म्हणाला होता. कापडाच्या दुकानावर माडी आहे, तिथे.” चष्मा परत डोळ्यांवर चढवून म्हणाल्या, “त्या मुलीचं नुकसान होता कामा नये. गरज पडली तर मला बोलवा. मी येईन.”

आपल्या लाडक्या विद्यार्थ्याचा पत्ता पोलिसांच्या हातात देणं सोपं नसतं. बाईंनी तो दिला आणि वर आम्हाला शेंगदाण्याचे लाडू बांधून दिले. त्या बाईंपुढे मी मनातल्या मनात तेव्हाच हात जोडले.

कळवणला पोचलो तेव्हा माडीवर क्लास चालू होता. जिन्यातच ऐकू आलं, टकटक, आणि मागोमाग पोरांचा सूर. हवालदार पुढे निघाले तसं मी त्यांचा दंड धरला. पोरांसमोर मास्तरला हातकडी नको. तास संपेपर्यंत आम्ही जिन्यात उभे राहिलो. पोरं खाली उतरली आणि आम्ही वर गेलो. गडी तिशीच्या आतलाच होता. पळाला नाही, फळा पुसून आमच्याबरोबर निघाला.

पण शुक्रवारी सकाळी चौकशीला बसवला तेव्हा त्याने रंग दाखवला. मराठीत एक अक्षर बोलेना! नुसतं इंग्रजी. वकील, कायदा, अब्रूनुकसान, सगळं इंग्रजीत. आमच्या एका शिपायाने तर न सांगता त्याच्यासाठी बरी खुर्ची आणून ठेवली. माडीच्या झडतीत काही मिळालं नव्हतं. ओळख परेड व्हायची असल्यामुळे मुलीला त्याच्यासमोर आणता येत नव्हतं. दाखले कुठे आहेत ते त्याच्याच तोंडून निघायला हवं होतं, आणि शनिवार उद्यावर आला होता.

“साहेब, घटकाभर माझ्याकडं द्या,” हवालदार बाह्या सरसावत म्हणाले. “मराठीत आणतो त्याला.”

“नको. मार खाऊन तो हट्टाला पेटेल आणि मुलीची नोकरी जाईल.”

मी वरिष्ठांची परवानगी घेतली आणि बाईंना आणायला जीप पाठवायला उठलो. तर काय, बाई दारातच उभ्या! पहिल्या एस.टी.ने निघून स्वतःच आल्या होत्या.

“घरी जीव थाऱ्यावर राहीना,” म्हणाल्या. “त्याने चहा घेतला का सकाळचा?”

बाई खोलीत आल्या तसा तो ताडकन उभा राहिला, वर्गात उभा राहावा तसा. त्याचं इंग्रजी जागच्या जागी थांबलं. बाई समोर बसल्या. रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी टेबलावर टकटक केली.

“टू लेट द कॅट आउट ऑफ द बॅग.”

त्याने खाली बघितलं. ओठ हलले. सवय हो, दुसरं काय! हळूच त्याने ते पुन्हा म्हटलं.

“अर्थ?”

“गुपित उघड करणे.”

“वाक्यात उपयोग कर. आणि माझा नियम ठाऊक आहे ना? गाइडमधलं नको. घरचं.”

बाहेरचा टाइपरायटरसुद्धा थांबला होता. त्याच्या डोळ्यांतून टपाटपा पाणी पडायला लागलं आणि मग तो मराठीत बोलला.

“मी... मी पोरांचे दाखले मामाच्या कांद्याच्या चाळीत लपवले, आणि आज बाईंसमोर ते उघड केलं.”

“वाक्य बरोबर आहे,” बाई म्हणाल्या. उठल्या, बाहेर व्हरांड्यात गेल्या आणि तिथल्या बाकावर बसून मग मात्र पोटभर रडल्या. हवालदारांनी माठातलं पाणी त्यांना नेऊन दिलं.

पुढे त्याने सगळं सांगितलं. मुंबईत त्याने खूप मुलाखती दिल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी हा वाक्प्रचारांवर वाक्प्रचार फेकायचा आणि टेबलापलीकडचे लोक एकमेकांकडे बघून हसायचे. असं कुणी बोलत नाही, असं एकाने तोंडावर सांगितलं. त्या हसण्याने तो आतून जळला. मग त्याने ठरवलं, आता आपण टेबलाच्या पलीकडे बसायचं. दाखले ठेवून घेतले की पोरं ओरडत नाहीत, मागून पत्र टाकून बोलावलं की निमूट पैसे मोजून ते सोडवायला येतात, हे त्याच्या लक्षात आलं होतं. मला त्याचा राग आला आणि वाईटही वाटलं. दोन्ही खरं.

त्याला रीतसर अटक केली, पंचांसमक्ष त्याचं निवेदन घेतलं आणि त्याला घेऊन मामाच्या त्या कांदे साठवायच्या चाळीवर गेलो. मामा बिचारा हबकून गेला, त्याला काडीचीही कल्पना नव्हती. कांदे बाजूला सारले तशी खालून बिस्किटांचा पत्र्याचा डबा निघाला. आत सगळ्यांचे दाखले, नीट घडी घालून ठेवलेले. मुलीचेही होते. पंचनामा झाला, आणि इथे खरी अडचण सुरू झाली. हे सामान्य वाचकाला ठाऊक नसतं: जप्त केलेली वस्तू पोलिसाला वाटेल तशी परत देता येत नाही. ती मुद्देमाल होते आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय हलत नाही. दाखले माझ्या हातात होते आणि मुलीला देता येत नव्हते! वडिलांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “म्हणजे चोराकडून सुटले आणि सरकारात अडकले?” मी म्हटलं, “उद्या सकाळी मुलीला घेऊन कोर्टात या.”

शनिवारी आरोपीला, ओळख परेड बाकी म्हणून तोंड झाकून, रिमांडसाठी हजर करायचंच होतं. त्याच अर्जासोबत मी दाखले सुपूर्दनाम्यावर, म्हणजे कोर्ट मागेल तेव्हा आणून द्यायच्या लेखी हमीवर, परत देण्याचा अर्ज जोडला. मॅजिस्ट्रेटसाहेब कडक म्हणून प्रसिद्ध. त्यांनी अर्ज वाचला, चष्म्यावरून मुलीकडे पाहिलं.

“कधीपर्यंत हजर व्हायचंय?”

“आज, सर. कचेरी बंद व्हायच्या आत.”

“मग इथे काय करतेस?” साहेब कडाडले, आणि मुलगी घाबरून रडायच्या बेताला आली. तसे ते कारकुनाकडे वळले. “नकला साक्षांकित करून ठेवा, मूळ दाखले हिला द्या. आत्ता. बाकीची कामं नंतर.”

कारकुनानेही हातातली कामं टाकून नकला केल्या. वडील सायकल घेऊन फाटकाशीच उभे होते. मुलगी मागे बसली, दाखल्यांची पिशवी छातीशी धरली आणि वडील पायडल मारत सुटले. मी मागून नुसता बघत राहिलो. दुपारी ठाण्यात फोन आला. मुलगी एकच वाक्य बोलली, “साहेब, घेतलं मला.” हवालदारांनी स्वतःच्या खिशातून सगळ्या ठाण्याला चहा पाजला, आणि हा माणूस चहा पाजणाऱ्यातला नव्हता.

बाकीच्या पोरांचेही दाखले रीतसर परत गेले. त्याला शिक्षा झाली. ती भोगून आल्यावर तो मामाच्या कांद्याच्या धंद्यात लागला. व्यापाऱ्यांची इंग्रजी पत्रं लिहून देतो, असं ऐकलं. त्या वर्षी दिवाळीला बाईंच्या दारात यायला तो धजेना, तेव्हा बाईंनीच माणूस पाठवून बोलावून घेतला.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? तपासाचं श्रेय फौजदाराच्या नावावर लागतं, पण तो तपास पुढे नेतात भलतीच माणसं. पोरीच्या ताट वाजवण्याला वैतागणारा बाप. टायवाल्याला हसायची हिंमत असलेली मुलगी. काळजावर दगड ठेवून पत्ता देणारी मास्तरीण. मी फक्त त्यांचं ऐकलं. शब्दाचा अर्थ कुणालाही पाठ करता येतो. दोघं तोच वाक्प्रचार शिकतात, एक त्याने पोरं फसवतो आणि एक त्याने पोरं शिकवतो. माणूस कळतो तो उपयोगात. हे मला कुठल्या पोलीस ट्रेनिंगमध्ये कुणी सांगितलं नव्हतं.

पुढे बदल्या होत गेल्या. ऐंशीचं दशक निम्मं उलटल्यावर मी बढतीवर पुन्हा नाशिक जिल्ह्यात आलो. एकदा बंदोबस्ताची पाहणी करायला एका खेड्यातल्या शाळेत गेलो. जीपमधून उतरलो आणि पायच थबकला. वर्गातून आवाज आला, टकटक, आणि पोरांचा सूर.

दारात जाऊन बघतो तर तीच मुलगी! आता बाई झालेली, कपाळावर बट, हातात खडू. मला बघून तिने तोंडावर हात ठेवला. पोरं उभी राहिली. टकटक कुठून आली ते मी विचारायच्या आतच ती म्हणाली, “दर सुट्टीत चांदवडला जाते, बाईंकडे. सगळं त्यांच्याकडूनच शिकले. आणि साहेब, तुमचं एक वाक्य आहे आमच्या वर्गात.”

“माझं? मी कधी दिलं?”

ती नुसती हसली. टेबलावर टकटक केली आणि म्हणाली, “अ‍ॅट द इलेव्हन्थ अवर!”

“अ‍ॅट द इलेव्हन्थ अवर!” वर्ग ओरडला.

“अर्थ?”

“अगदी शेवटच्या क्षणी!”

“वाक्यात उपयोग करा. फौजदारसाहेबांचं वाक्य.”

आणि सगळी पोरं, मळक्या सदऱ्यांची, शेंबड्या नाकांची, एका दमात म्हणाली, “फौजदारसाहेबांनी आमच्या बाईंचे दाखले अ‍ॅट द इलेव्हन्थ अवर आणून दिले!”

मला पुढे कितीतरी वर्षं नोकरी होती, पदकही मिळालं. पण त्या वर्गात माझा जो सत्कार झाला तसा पुन्हा झाला नाही. मी टोपी काढली. भाषण करण्यापेक्षा मलाही त्या सुरात सूर मिसळावासा वाटला. या नव्या बाईंनी ते ओळखलं आणि पुन्हा टेबलावर टकटक केली. या वेळी पोरांबरोबर मीही म्हणालो.